मागच्या अंगणातली वहिवाट

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कामापुरतं लिहितोय म्हणून रागावू नकोस. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत रंध्याचं नवं मशीन बसवायचं म्हणून मी भिंत घातली. मागच्या घरातल्या टाकेमावशीने, हो, लहानपणी आपले कपडे शिवायची तिनेच, माझ्यावर दावा ठोकला. तिचं म्हणणं, चाळीस वर्षं इथूनच रस्त्यावर जाते, आता अडवता येणार नाही. जागा माझी, खरेदीखत बाबांच्या नावचं. मग नुसतं चालून हक्क कसा मिळतो?

वकील म्हणतात, एकच तोड आहे. बाबांनी तिला तोंडी परवानगी दिली होती असं सिद्ध झालं, तर तो हक्क ठरत नाही, मेहरबानी ठरते. मेहरबानी मागे घेता येते. बाबा आता नाहीत. तेव्हा घरात मोठी तूच होतीस, शिवाय निवृत्त न्यायाधीश. तुझ्या शब्दावर कोण शंका घेणार? तेवढं सांगायला ये.

निकाल लागेपर्यंत तरी लोभ ठेव.

तुझा,
सुतार

दि. ११ मार्च

चि. सुतारास,
अ. उ. आ.

तुझ्या वकिलांनी तुला अर्धंच सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वी अशाच एका दाव्याचा निकाल मी दिला होता. मालक वीस वर्षं उघड्या डोळ्यांनी बघत गप्प बसला, तर त्या गप्प बसण्याला परवानगी म्हणता येत नाही, असं त्यात लिहिलं. वरच्या कोर्टाने तो कायम केला आणि खालची कोर्टं तेव्हापासून तोच धरून चालतात. समोरची बाजू तो वाचून दाखवणारच.

बाबांचं म्हणशील, तर ते मागच्या दारात दाढी करत बसायचे. टाकेमावशी कपड्यांचं गाठोडं घेऊन आली की आरशासकट स्टूल जरा बाजूला ओढायचे. तिच्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. साक्षीला बोलावलंस तर येईन आणि हेच सांगेन. म्हणून बोलावू नकोस.

मालकी मोठी गोष्ट आहे, पण माणसं वाटेच्या भरवशावर घर मांडतात, तो भरवसाही कायद्याला सांभाळावा लागतो. उद्या शेजाऱ्याने तुझ्या खिडकीचा उजेड अडवला, तर तू हाच कायदा घेऊन उभा राहशील.

तुझा राग उतरला की लोभ कुठे जात नाही.

ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोलावत नाही. बहिणीचाच निकाल माझ्या मुळावर आलाय हे ऐकून वकील हसले. मला हसू आलं नाही. लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

सुतार

दि. २६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दावा हरलो. त्यांच्या वकिलांनी तुझा निकाल वाचला. तुझं नाव आलं तेव्हा मी पंख्याकडे बघत राहिलो. मग माझ्या वकिलांनी विचारलं, वडिलांनी परवानगी दिली होती का. हो म्हणायचं ठरलं होतं, अगदी तोंडाशी आलं होतं. टाकेमावशी पहिल्या बाकावर बसून माझ्या वकिलांच्या डगल्याच्या उसवलेल्या काठाकडे बघत होती, आता सुई काढते की काय अशी. मी म्हणालो, दिल्याचं मला तरी माहीत नाही. वकिलांनी कागद मिटले.

भिंत मीच पाडली. मशीन आत बसवलंय. लांब फळी असली की दार उघडं ठेवून काम करावं लागतं.

पहिले आठ दिवस ती माझ्याकडे न बघता गेली. काल मात्र गाठोडं घेऊन दाराशी थांबली, दम लागला होता. जरा टेकू का, म्हणाली. मी म्हणालो, विचारायचं काय त्यात. तर म्हणते, कोर्टाच्या हुकुमात फक्त चालायचं लिहिलंय, बसायचं नाही. मी भुसा झटकून ओंडका पुढे केला. ती टेकली, मी फळी रंधायला घेतली. आज सकाळी ती आपणहून बसली.

हे वीस वर्षं चाललं, तर बसण्याचाही हक्क होतो का, ते कळव. तिचं वय बघता व्हावा, असं वाटतं.

मधल्या पत्रात अडवून धरलेला लोभ याच्यासोबत धाडतोय.

तुझा,
सुतार