कानाला लावलेलं घड्याळ

तीर्थरूप बाबांना इथूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

मालकांना जुन्या इंग्लिश खिशातल्या घड्याळांचा नाद आहे. त्यांच्या वरच्या सोन्याच्या डब्या लोकांनी केव्हाच वितळवल्या. उरलेल्या नुसत्या मशिनी ते जमवतात, मी चालू करतो.

काल मशिनीतल्या लिव्हरचा तिळाहून बारीक माणकाचा खडा चिमट्यातून निसटला. दोन तास फरशी चाचपली. तो टेबलावर माझ्यासमोरच पडला होता.

हल्ली मशीन कानाला लावूनच दोष ओळखतो. मालक म्हणतात, "काय कान आहे तुमचा." आपल्या दुकानात गिऱ्हाईकं तुम्हालाही हेच म्हणायची.

आईला सांगू नका. पण बाबा, तेव्हा तुम्हाला कितपत दिसत होतं?

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
थोरला