शेंडेनक्षत्रात काय होतं

बाबा, तुम्ही ज्याला शेंडेनक्षत्र म्हणायचात, तो धूमकेतू आज मी वर्गात शिकवला आणि घरी आले ती तुमच्यावर चिडूनच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग उतरत नाही.

शहाऐंशी साल. जैनथच्या मळ्यात वांगी तोडणीला आलेली, आणि दादाची बायको, पहिलटकरीण, तापानं फणफणलेली. आई म्हणाली, "तिले आदिलाबादच्या दवाखान्यात न्या." तुम्ही म्हणालात, "बैलबंडी वांगी घेऊन बाजाराले चालली. उद्या पाहू." तो उद्या उजाडेपर्यंत लेकरू पोटातच गेलं. मग ओट्यावर चार माणसांत तुम्ही सांगितलंत, शेंडेनक्षत्र निघालं अन् या सुनेच्या पायगुणानं ते घरावर आलं. आपण कुणी ते धड पाहिलंही नव्हतं. रेडिओवर ऐकलं तेवढंच.

मी तेव्हा दहावीत. मास्तरांनी शिकवलेलं दारातूनच ओरडून सांगते आहे, "बाबा, त्याच्याजवळून यान गेलं! उन्हानं बर्फाची वाफ होते. शेपटीत वाफ हाये अन् धूळ हाये. दुसरं काई नाई!"

"मंग माह्या घरचं लेकरू काऊन गेलं?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. दोन दिवसांनी वहिनीला बोथच्या माहेरी धाडायला बंडी मात्र मोकळी निघाली. वहिनी परत आली नाही. तुम्ही दादाचं दुसरं लग्न लावलंत.

सत्त्याण्णवला मावळतीला धूमकेतू लख्ख दिसत होता. नातू तुमच्या खांद्यावर. "पाह्य रे, कसा झाडूवानी तारा!" तुम्ही हसत होतात. मी विचारलं, "बाबा, आता नाई का येत काई घरावर?"

"तवा अडानी होतो आमी," म्हणालात, आणि पोराला पुन्हा आभाळ दाखवायला लागलात. वहिनीचा विषयही काढला नाहीत.

आज फळ्यावर 'पाणी, धूळ, कार्बन, सोडियम' लिहिताना खडू मोडला माझ्या हातात. अडाणी? बंडी कुठं न्यायची हे तुम्हाला चांगलं कळत होतं, बाबा.

आणि दादा. त्या दिवशी ओट्याच्या कोपऱ्यात खाली मान घालून उभा होता. आता म्हातारा झालाय. आजच आलाय माझ्याकडे, पलीकडच्या खोलीत पेपर वाचतोय, मघाशी चहा मागून गेला. त्याला यातलं एक अक्षर मी कधी विचारलं नाही. तुम्ही गेलात, म्हणून तुमच्यावर ओरडता तरी येतं.