काशाचा नाथबाबा झाला तेव्हा

प्रिय काशा,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण रविवारी आपल्या जासईहून तुझे पाच भक्त आले होते आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलल्याशिवाय मला चैन नाही.

खारघरच्या माझ्या हॉलमध्ये ते मावेनात. दोघे फरशीवरच बसले. त्यांना तुझी समाधी बांधायची आहे, आपल्या घरामागच्या तुकड्यावर. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून माझी सही हवी. वर संगमरवराच्या पादुका बसवणार आहेत. त्यांच्यातला रमाकांत हात जोडून म्हणाला, "बाय, बाबांची एखादी जुनी चप्पल असंल तर द्या. माप घ्यायला बरं पडंल."

तुझ्या पायांचं माप! पाणी आणते म्हणून मी आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. तुझ्या पायांबद्दल या माणसांना काय ठाऊक आहे रे?

आणि मला सगळं ठाऊक असून मी काय केलं?

तुला आठवतं, तू कंटेनर यार्डात कारकून होतास तेव्हाचं? दिवसभर ट्रेलरचे नंबर लिहायचे, घरी येऊन आंघोळ करायची, धोतर नेसायचं आणि गावच्या सप्ताहात कीर्तनाला उभं राहायचं. आवाज तुझा काही फार गोड नव्हता. पण गोष्ट सांगावी तर तूच! तो वर मागणारा असुर, ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म होईल असा वर मिळालेला. वर मिळाल्याबरोबर तो देवाच्याच मागे धावतो, तिथे तू धोतराचा सोगा धरून सगळ्या मांडवाला फेरी मारायचास. म्हाताऱ्या बायका हसून हसून डोळे पुसायच्या. मग एकदम थांबून म्हणायचास, "मानसाला मागता येतं. थांबता येत नाय."

माझ्या सायलीने कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलं, तेव्हा तू तिच्यामागे लागला होतास. "तुमच्या गोऱ्या लोकांत हाय का असा कोन?" तिने तुला मेणाचे पंख लावून सूर्याकडे उडालेल्या मुलाची गोष्ट सांगितली. सगळं ज्ञान मिळावं म्हणून सैतानाला आत्मा विकणाऱ्या पंडिताची सांगितली. मढ्यात जीव घालून माणूस बनवणाऱ्या विद्यार्थ्याचीही सांगितली. तू मांडी थोपटून म्हणालास, "म्हंजे हा रोग जगभर हाय!" आणि पुढच्याच सप्ताहात तो मेणाच्या पंखांचा मुलगा आपल्या मांडवात उडाला. कसला खूश होतास तू त्या दिवशी!

त्या काशाला कोणी नेलं?

मी नेलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तुझ्या भावोजींचं हृदयाचं ऑपरेशन होतं. मी जन्मभर नर्सची नोकरी केलेली बाई. सह्या कशावर करतोय ते मला कळत होतं, म्हणूनच जास्त भीती वाटत होती. तू बाहेरच्या बाकड्यावर माझ्याशेजारी बसलास आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास. "बाय, त्यांना कायपन व्हनार नाय. मी सांगतंय ना." कुठल्याही भावाने म्हटलं असतं तेच तू म्हणालास. पण भावोजी बरे होऊन घरी आले आणि मी, थोरली असून, तुझ्या पायांवर डोकं ठेवलं. तू मागे सरलास. "बाय, काय करतंस? पाप लागंल मना!"

तेवढ्यावर थांबायला हवं होतं मी. पण मी सोसायटीत सांगत सुटले. माझ्या भावाच्या हाताला गुण आहे, नर्स असून सांगते! तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या सुनेला दिवस राहत नव्हते. त्यांना मीच जासईला घेऊन आले. त्यांनी तुला वाकून नमस्कार केला तेव्हा तू मागे सरला नाहीस. मला ते दिसलं होतं, काशा. मी काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला होता.

मग गाड्या यायला लागल्या. द्रोणागिरीला गोदामं असलेला रमाकांत आला. त्याचं कोर्टातलं प्रकरण सुटलं आणि त्याने घरापुढे पत्र्याचा मांडव घालून दिला. तू नोकरी सोडलीस, चप्पल सोडलीस. काशिनाथचा नाथबाबा झालास. कीर्तनं चालू होती, पण त्यात असुर येईनासा झाला. दुसरेच लोक उभे राहून तुझे अनुभव सांगायचे आणि तू डोळे मिटून ऐकत बसायचास. मी एकदा विचारलं, "काशा, तो पळणारा असुर कुठे गेला रे?" तू नुसता हसलास. ते हसू मला आवडलं नव्हतं.

साखर तर तुला आधीपासूनच होती. अनवाणी फिरताना यार्डाच्या रस्त्यावर डाव्या तळव्यात पत्र्याचा तुकडा घुसला, तेव्हा तुला कळलंसुद्धा नाही. कळलं मला, वास आला म्हणून. मी पाय हातात घेऊन जखम उजेडात धरली.

"आजच्या आज दवाखान्यात चल."

"लोका काय म्हनतील, बाय? मी त्यांना अंगारा देतंय, आनि मीच रांगेत बसू?"

"पाय जाईल तुझा!"

"तू हायस ना. तूच बांध पट्टी. मागच्या दारानं येत जा."

आणि मी येत गेले! सांग, तुझी चूक मोठी की माझी? दीड महिना मी मागच्या दाराने येत होते. पिशवीत गॉज, मलम आणि गोळ्या, वर कोथिंबीर. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरीने असं केलं असतं, तर मी तिला वॉर्डातून हाकलली असती. पुढच्या दारी लोक तुझ्या उजव्या पायावर डोकं टेकायचे, डाव्यावर तू शाल ओढून घ्यायचास. पट्टी चालू असताना कोणी विचारलंच, तर मी सांगायचे, "बाबा एकांतात आहेत." किती सहज येत होतं ते तोंडात!

गुरुपौर्णिमेला त्यांनी पालखी आणली. तुला आठवतं, इंद्रपदावर बसलेल्या राजाची गोष्ट तूच सांगायचास? ऋषींना पालखी वाहायला लावतो, वर आणखी एकाला लाथ मारतो आणि सर्प होऊन खाली पडतो. त्या दिवशी पालखीत बसताना तुला तो राजा आठवला नाही का रे? की आठवला आणि तरीही बसलास? अंगात ताप होता तुझ्या. मी गर्दीत उभी होते. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता आणि लोक म्हणत होते, बाबांचं तेज बघा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सायलीला गाडी घेऊन बोलावलं. तुला विचारलंच नाही. गाडीत तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होतास. खिडकीतून यार्डाच्या भिंती मागे जात होत्या. तू म्हणालास, "मी देव हाय असं मी कदी बोललो नाय, बाय. लोकाच बोलली. मी नाय म्हनालो नाय, एवढाच."

थोड्या वेळाने म्हणालास, "मना भ्या वाटतंय."

मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते? खूप दिवसांनी तू माझा धाकटा भाऊ झाला होतास.

डॉक्टरांनी पाय काढायचं ठरवलं, पण विष रक्तात पसरलं होतं. तिसऱ्या दिवशी तू गेलास. गावात फलक लागला, बाबांनी देह ठेवला. जणू तू तो खुंटीला अडकवून कुठेतरी गेला होतास!

तर परवा मी पाण्याचे पेले घेऊन बाहेर आले आणि रमाकांतला विचारलं, "माप कुठल्या पायाचं देऊ? डावा पाय मी दीड महिना धूत होते." मग सगळं सांगितलं. तुकडा, वास, मागचं दार, एकांत. वर्षभर या माणसांवर माझा राग होता. यांनी माझ्या भावाला देव करून मारलं, हे मी मनात घोळवत बसले होते. मला वाटलं, आता हे चिडतील, मला खोटी ठरवतील.

रमाकांत रडायला लागला, काशा. एवढा मोठा माणूस, फरशीकडे बघत रडत होता.

"बाय, एक शब्द का नाय बोललात? मी त्यांना खांद्यावर टाकून नेला असता. देव म्हनत होतो म्हनून काय आमी मरू दिला असता त्यांना?"

त्याने सहीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. जाताना मला वाकून नमस्कार करायला लागला, तर मी त्याचे हात धरले. म्हटलं, नको, पुन्हा नको.

आता राग धरायलाही कोणी उरलं नाही. तुझ्यावर धरावा, तर तू गाडीत भ्यालेला दिसतोस. माझ्यावर धरावा, तर तेवढी ताकद नाही या वयात. नुसती थकले आहे. आपण सगळ्यांनी मिळून एका बऱ्या माणसाला वर चढवलं आणि खाली उतरायला शिडी म्हणून ठेवली नाही.

एक गोष्ट मात्र करणार आहे. तुझ्या दहाव्याला पिंड ठेवला नव्हता. समाधिस्थांना पिंड कसला, असं सगळे म्हणाले आणि मी तेव्हाही गप्प बसले. पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध आहे. या वेळी केळीच्या पानावर वालाची भाजी आणि तांदळाची भाकरी वाढीन, सुके बोंबीलही ठेवीन, भटजी काहीही म्हणोत. माणसाला ठेवतात तसं पान, गच्चीच्या कठड्यावर. रमाकांतलाही बोलावलं आहे. तो म्हणाला, येतो.

कावळा शिवेपर्यंत मी तिथून हलणार नाही. ऊन झालं तरी, तिन्हीसांजा झाल्या तरी. हा माझा शब्द.

उशीर कर हवा तर. पण ये, काशा.

तुझी थोरली,
कुसुमबाय