शेंदराखालचं जेड

सर, तुमच्यावर मी अजून चिडलेलो आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरतो.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत तुम्ही संग्रहालय उभं केलंत, आणि ठेवलंत काय, तर जेड. बाजारपेठेतले शेठजी तुमचे जुने विद्यार्थी, त्यांच्या जयपूरच्या सोयऱ्यांचा रत्नांचा धंदा. तिथून तुम्ही कच्चे दगड मागवलेत, ब्रह्मदेशातले, सैबेरियातले, न्यूझीलंडचे. बाहेरून मातकट, ओढ्यातल्या धोंड्यासारखे. एका अंगाला कापून घासलेली जागा, तेवढ्यातूनच आतला हिरवा दिसायचा. मी पारगावकडचा, साखर कारखान्यात फिटर, दहावी नापास. कपाटाची बिजागरी बसवायला आलो आणि तिथंच रुतलो. डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचली. पहिल्या पाटीवर मी नुसतं ‘जेड’ लिहिलं, तर तुम्ही खडू फेकून मारलात. “जेड नावाचा एक दगड नसतो रे फिटर! नेफ्राइट वेगळा, जेडाइट वेगळा. आधी तोल, मग लिही.” मग मी तराजू आणला, एकेक दगड दोऱ्यानं पाण्यात लोंबता ठेवून तोलला. आकार तेवढाच असला तरी जेडाइट जड भरतो. सगळ्या पाट्या नव्यानं लिहिल्या. त्यांत आजही कुणी चूक काढून दाखवावी.

आणि दाराबाहेरच्या कट्ट्यावरचा तो सगळ्यांत मोठा नेफ्राइट. एका शनिवारी मी येतो, तर त्याला तेल-शेंदूर. खिचडी शिजवणाऱ्या मावशी हात जोडून उभ्या. “मारुती हाय ह्यो, भाऊ. उन्हात बसलाय तरी हात लावा, कसा गार लागतोय. साधा दगुड असा ऱ्हातो व्हय?” अहो मावशी, जेड गारच लागतं हाताला! मी रॉकेल आणि ब्रश घेऊन आलो, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. “राहू दे. दगडाला काय फरक पडतो?”

“दगडाला नाही, पाटीला पडतो.”

तुम्ही हसलात. “तुझी पाटी वाचायला कोण येतंय? शेंदूर बघायला गाव येतंय.” त्या हसण्याला मी अजून माफ केलेलं नाही. पुढच्या शनिवारपासून नारळ फुटायला लागले, आणि माझी पाटी शेंड्यांखाली दिसेनाशी झाली.

तुम्ही गेलात आणि शाळेच्या संस्थेला कॉम्प्युटरची खोली हवी झाली. कारखान्याचा गाळप हंगाम चालू होता, मला सुट्टी नव्हती. मी पोचलो तेव्हा नव्या खोलीच्या फरशीखालचं दगडगोट्यांचं सोलिंग भरून झालेलं. गवंडी कौतुकानं सांगत होता, “काय चिवट धोंडं राव तुमचं! घन मारला तर घनच उडून कपाळाला यायचा. शेवटी आख्खंच टाकलं खाली.” संस्थेचा चेअरमन शांतपणे म्हणाला, “तापू नका भाऊ. देवाला आमी हात न्हाई लावला. उलट चांगली ग्रिल केली त्येला.”

“आणि खोलीतले?”

“त्ये तर दगडंच व्हतं की.”

सर, हे वाक्य त्याचं नाही, तुमचं आहे. माझं मनगट धरलंत त्या दिवशीच तुम्ही ठरवून टाकलंत, एक देव आणि बाकीचे दगड. दोन वस्तूंना एक नाव दिलं म्हणून मला खडू मारणारे तुम्ही! मावशींना तुम्ही हाताला धरून आत न्यायचं होतं, म्हणायचं होतं, हा बघा, हाही गार लागतो, ही सगळी एकाच घरातली. तुमचं ऐकलं असतं त्यांनी. माझं कोण ऐकणार? तुम्ही सर, मी बिजागरीवाला. आता पोरं त्या फरशीवर खुर्च्या टाकून की-बोर्ड बडवतात, आणि आपल्या खुर्चीखाली सैबेरिया आहे हे त्यांना सांगावं, तर मलाच वेड्यात काढतील.

हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही, पाठवायचं तर सोडाच. पण त्या दिवशी चेअरमनसमोर उभा असताना मनात जे आलं, ते घरातही बोललेलो नाही. आधी कळलं असतं, तर नारायणगावच्या बाजारातून किलोभर शेंदूर आणला असता आणि खोलीतल्या एकूण एक दगडाला माझ्या हातानं फासला असता. पाट्यांवरूनसुद्धा.