पट्ट्याचं दुसरं भोक

१० फेब्रुवारी, सकाळ

…तेव्हाही पाणी सहाला आलं होतं. पिंप भरलं, कपडे भिजत घातले, तांदूळ निवडले. मग ह्यांची सँडल पिशवीत घालून कोपर स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या नाथाकडे गेले. पट्टा करकचतो म्हणत होते. त्याने दुसरं भोक पाडून दिलं. थंडीत चामडं आटतं. येताना मेथीची जुडी आणली. तीन वर्षं झाली त्याला. त्याच आठवड्यात हे गेले, पण त्याचा सँडलशी संबंध नाही. आज पाणी सहाला आलं म्हणून सहज आठवलं.

आजपासून ही वही. हॉस्पिटलात अशक्त हृदयाच्या म्हाताऱ्यांसाठी व्यायामाचा वर्ग निघालाय, त्यात माझं नाव घातलंय. डॉक्टर म्हणाले, पंप पूर्ण ताकदीने चालत नाही. औषधं घ्या आणि बेताने व्यायाम करा. शिकवणारी रचना माझ्या नातीच्या वयाची. एक दिवस दाखवलं, आता घरी करायचं. रोज वजन करून तक्त्यात लिहायचं. गॅलरीत चालायचं. खुर्चीतून दहा वेळा उठायचं. मीठ बंद. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, तर लगेच फोन.

२८ तारखेला सहा मिनिटं चालण्याची परीक्षा. पहिल्यांदा दोनशे वीस मीटर झाले होते. तीनशे केले तर लेक विनिता मला टिटवाळ्याला तिच्या घरी न्यायचं नाव काढणार नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. इथे तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. पण ह्यांची खुर्ची इथे आहे, माझी पुस्तकं इथे आहेत.

वजन ५८. मी करणार.

१३ फेब्रुवारी

मीठ खरोखर बंद. बरणी माळ्यावर टाकली. त्याऐवजी सैंधव. सैंधव उपासाला चालतं, म्हणजे ते मीठ नव्हे. कमी खारट लागतं म्हणून जरा जास्त घालते. वजन ५८.६.

खुर्चीतून आठ वेळा उठले. उरलेले दोन उद्याच्यात धरले.

१६ फेब्रुवारी

रचनाचा नियम : चालताना बोलता आलं पाहिजे. दम लागून बोलणं तुटलं की थांबायचं. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून ह्यांच्याशी बोलत चालते. विनिताचा फोन, भाजीचा भाव, काल वाचलेलं पान. शेजारच्या गर्ट्रूडबाई दार उघडून बघत राहिल्या. मी सांगितलं की व्यायाम चाललाय. त्यांनी विचारलं, कोणाचा.

१९ फेब्रुवारी

वजन ५९.८. अंगात ताकद भरतेय. व्यायामाने स्नायू वाढतात आणि स्नायू जड असतात, हे मी वाचलेलं आहे. उगीच त्या पोरीला घाबरवायला नको म्हणून साडीचं वजन वजा केलं. तक्त्यात ५९.

माझी सँडल घट्ट होतेय. नाथाकडून एक भोक पाडून आणलं. थंडी आता फारशी नाही, पण चामड्याला उशिरा कळत असेल.

२२ फेब्रुवारी

चालताना लांब वाक्यं जमत नाहीत, म्हणून लहान केली. ह्यांना तसंही लांबण आवडायची नाही. आज “मेथी”, “विनिता”, “बरं” एवढ्यात दोन फेऱ्या झाल्या. बोलणं तुटलं नाही. नियम पाळला.

तीन उशा घेऊन झोपते. पुस्तक धरायला बरं पडतं.

२४ फेब्रुवारी

रचनाचा फोन. पायावर बोट दाबून खड्डा राहतो का, विचारत होती. राहतो, पण थोड्या वेळाने भरतो. म्हणून नाही म्हटलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कडक उपास. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, ताक. मिठाचा कण नाही, सगळ्यात सैंधव.

वजन ६१.४. साडी, चष्मा, बांगड्या आणि खिचडी वजा जाता ५९.५.

दुपारी ह्यांच्या खुर्चीतच बसून झोपले. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. साबुदाणा जडच.

२७ फेब्रुवारी, दुपार

उद्या परीक्षा. सँडल पायात शिरेना, ती पिशवीत घालून स्लिपरवर निघाले. जिना उतरताना तीनदा थांबले. नाथाला म्हटलं, अजून एक भोक पाड. तो सँडल हातात घेऊन माझ्या पायांकडे बघत बसला.

“साहेबांच्या सँडललापण दोनदा भोक पाडलेलं ना मी, मावशी. तिसऱ्यांदा तुम्ही आलाच नाय.”

मी म्हटलं, थंडीत चामडं आटतं.

“वापरून वापरून सैल होतं चामडं. चाळीस वर्षं हेच काम करतोय. पायात घातलेलं चामडं आटलेलं मी बघितलं नाय.”

भोक न पाडताच सँडल परत दिली.

घरी येऊन ह्यांच्या खुर्चीत बसले. मेथीची जुडी आणली, दोन भोकं पाडली आणि ह्यांचे पाय मात्र एकदाही बघितले नाहीत. परीक्षेची तयारी राहिली.

१ मार्च, हॉस्पिटल

काल पाणी सहाला आलं. पिंप भरलं नाही. साडीसकट वजन केलं, ६२. तक्त्यातले आकडे खोडून खरे लिहिले. विनिताला फोन करून ये म्हटलं. सैंधवाचा डबा पिशवीत घेतला. माझी सँडल होत नव्हती, ह्यांची बसली. विनिताच्या खांद्याला धरून जिना उतरले.

रचनाने तक्ता वाचला, डबा बघितला, माझ्या पायावर बोट दाबलं.

“काकू, आज चालायचं नाही.”

वर्गापासून वॉर्डपर्यंत तीनशे मीटर सहज असतील. मी चाकाच्या खुर्चीत बसून गेले.