म्हणीचा फोटोत उपयोग

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेत तुझा कावळा परीक्षकांनी पहिल्या क्रमांकासाठी निवडला. सुकी फांदी मोडतेय, कावळा पंख पसरून हवेत, पायात अजून फांदीचा तुकडा आणि चेहरा वर्गात डुलकी मोडून उठवलेल्या पोरासारखा. तिघेही परीक्षक आधी हसले, मग बराच वेळ बघत राहिले.

पण अर्जाच्या सहाव्या रकान्यात, 'फोटोसाठी घेतलेले परिश्रम' याच्यापुढे, तू लिहिलंस, "काहीच नाही. दचकलो." दादा, अपघाताने निघालेला फोटो आमच्या मंडळात बाद होतो. चिटणीस या नात्याने तो नियम मीच केलाय. म्हणून नवा अर्ज भरून पाठवतोय: 'कावळ्याच्या सवयींचा एकवीस दिवस अभ्यास.' तू फक्त सही कर. जन्मभर पोरांना कविता शिकवत आलास, बक्षीस एक नाही. हे तरी पदरात पाडून घे. वहिनीला नमस्कार.

लोभ आहेच, सहीनंतर तो वाढेल.

तुझा
धाकटा

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अर्ज सही न करताच परत पाठवतोय. एकवीस दिवस तळ्यावर बसलो खरा, पण खंड्यासाठी. बाविसाव्या दिवशी एका हातात चहा, दुसरा कॅमेऱ्यावर. काडकन आवाज झाला, मी दचकलो, बटण दाबलं गेलं आणि चहा मांडीवर. अभ्यास झालाच असेल तर तो मांडीचा.

चौथीत बाईंनी 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' या म्हणीचा वाक्यात उपयोग करायला सांगितलं होतं. असं कधी पाहिलंच नाही तर लिहू कसं, असं मी म्हणालो आणि तासभर बाकावर उभा राहिलो. खिडकीतून झाडाकडे बघत होतो, कावळा काही येईना. तो आला पासष्ट वर्षांनी. तेव्हा खोटं वाक्य लिहिलं नाही, ते आता लिहू? यमक घासूनपुसून जुळवता येतं रे. कवितेची पहिली ओळ मात्र स्वतःच्या पायांनी येते.

आणि नियम तू सांगतोस? तुझ्या नावाने मंडळाच्या भिंतीवर तीस वर्षं टांगलेला तो सांबराचा फोटो आठव. तू चष्मा पुसत होतास. स्टँडला अडखळलो मी, तोल सावरताना बटणावर हात पडला तोही माझा. कोपऱ्यात लोक ज्याला पहाटेचं धुकं म्हणतात, तो माझा रुमाल आहे. तीस वर्षं हूं की चूं केलं नाही, पुढेही करणार नाही. पण माझ्या कावळ्याला खोटं बोलायला लावू नकोस. बाद करायचा तर खुशाल कर.

तुझी वहिनी म्हणते, म्हातारा हट्टी आहे. तिला म्हटलं, 'म्हातारा' खोड, 'हट्टी' राहू दे.

रागावलास तरी पत्र टाक.

तुझा
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पहिला क्रमांक गेला. अध्यक्ष नियमावर बोट ठेवून बसले. मग मी म्हटलं, लावायचा तर जुन्या फोटोंनाही लावा, आणि सांबर खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं. रुमालाची गोष्ट सांगितली. माझी सांगायची वेळ तीस वर्षांपूर्वीच होती. शेवटी ठरलं, क्रमांक नाही, पण भिंत मिळेल.

आता दोघे दारासमोर शेजारी टांगलेत. सांबराखाली माझं नाव खोडून तुझं घातलंय, पुढे 'उजव्या कोपऱ्यात दादाचा रुमाल'. लोक तो शोधतात आणि मला चिडवतात. चिडवू देत.

कावळ्याखाली तुझ्याच अक्षरातला सहावा रकाना चिकटवलाय. काल शाळेची पोरं आली होती. एका मुलीने विचारलं, हा म्हणीतला कावळा का? त्यांच्या बाईंनी तिथेच सगळ्यांना वह्या काढायला लावल्या.

रविवारी मीही तळ्यावर येतोय. चष्मा पुसायला तुझा रुमाल लागेल.

फांदी मोडली तरी लोभ मोडू नये.

तुझा
धाकटा