सदतीस नंबरची जर्सी

मंगळवार, ३ मार्च
रोजनिशी एक जानेवारीपासून लिहायची होती. तेव्हा पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा वही नव्हती. वही गाडीच्या सीटखालीच होती, महिनाभर मी तिच्यावरच झोपत होतो. असो. तसंही लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं.

आता आहे. कॉलेजच्या जुन्या जिममध्ये साठ वर्षांच्या बास्केटबॉल जर्स्यांची खोली आहे. ती सांभाळायला माणूस हवाय. वर राहायला जागा, हीटरसकट! निवड जुन्या चाहत्यांचा क्लब करणार, रविवारच्या जेवणात. अट एकच, जुन्या सामन्याची एक आठवण सांगायची. दोन वर्षांत सात पत्ते झाले, सातवा ही गाडी. आता बस्स. जागा माझीच.

बुधवार, ४ मार्च
ठराव: रोज दोन तास लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं वाचणार.

निघालो. वाटेत एक माणूस छपरावरचा बर्फ पाडत होता, त्याची शिडी धरली. मग त्याने जेवू घातलं. लायब्ररी पाचला बंद होते हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

पण त्याच्या गॅरेजात जर्सी सापडली! किरमिजी, आमच्याच संघाचा रंग. पाठीवर सोनेरी ३७. कुणाची, त्याला ठाऊक नाही. घेऊन जा, म्हणाला. इतिहास आपण होऊन भेटला. लायब्ररीची गरज संपली.

गुरुवार, ५ मार्च, सकाळ
क्लबच्या वेबसाइटवर लिहून टाकलं: माझे दिवंगत आजोबा लोव्हेल याच जर्सीत १९७१ची सेमीफायनल खेळले.

आजोबा इव्हान्सव्हिलला आहेत. गुडघे सोडले तर ठणठणीत. पण ‘दिवंगत’ने वाक्याला वजन येतं, आणि ते इंटरनेट बघत नाहीत. खेळायचे हे मात्र खरं. कुठल्या कॉलेजकडून, ते विचारायचं राहिलं. ते सांगायला लागले की नेमकं मला कुठेतरी निघायचं असतं.

शुक्रवार, ६ मार्च
बाकीच्यांच्या आठवणी वाचल्या. एकाला अडुसष्ट सालच्या शॉर्ट्सची बक्कलं आठवतात. दुसरा म्हणतो, एका वर्षी धुलाईत जर्स्यांवरचे सोनेरी आकडे मोहरीसारखे पिवळट झाले आणि आपण सगळे सामने जिंकलो, म्हणून पुढे वर्षभर कुणी त्या धुवूच दिल्या नाहीत. म्हातारी माणसं काय काय लक्षात ठेवतात!

मला एकच उत्तर आलं. प्रूइटबाईंचं. चाळीस वर्षं संघाच्या जर्स्यांवरचे आकडे त्यांनीच शिवले. विचारतात, बाळा, सदतीस? नक्की? लिहिलं, नक्की. मग आजोबांचं पूर्ण नाव, गाव मागितलं. दिलं. बहुतेक उभं राहून स्तब्धता पाळणार. जागा मिळाल्यात जमा.

शनिवार, ७ मार्च
भाषणाचा सराव करायचा होता. कपडे धुवायला गेलो, तिथे टीव्हीवर मॅच. फाउल झाला की पंच स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडे बघून बोटं नाचवतो. का, कोण जाणे. तेच बघत बसलो. सराव उद्या.

रविवार, ८ मार्च, दुपारी १.१०
जिमच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. मीठ आणतो म्हणून आत आलो, त्याला वीस मिनिटं झाली.

प्रूइटबाईंनी मला उभं केलं. म्हणाल्या, पोरा, तू पंच. सदतीस नंबरने फाउल केलाय, टेबलाला दाखव. एका हाताची तीन बोटं काढली. दुसऱ्या हाताची सात काढायला गेलो आणि बोटं संपली. मागून एक म्हातारबुवा ओरडले, बूट काढ रे, पायाची घे! अख्खा हॉल खिदळला.

पंच नंबर बोटांनी दाखवतो, एका हातावर एक अंक, म्हणून कॉलेजात पाचाच्या पुढचा अंक पाठीवर येतच नाही म्हणे. बाई म्हणाल्या, चाळीस वर्षांत मी सातचा आकडा कापलेला नाही, ही कुठल्यातरी कारखान्याच्या टीमची असेल. मी म्हणालो, जर्सीचं जाऊ द्या, आजोबांची आठवण तरी खरी आहे. त्या म्हणाल्या, ते कळेलच, एक पाहुणे यायचेत, तोवर चिकन खा.

पाहुणे म्हणजे डीन असणार. डीनसमोर पुन्हा बोटं मोजायची नाहीत. ठरलं: मागच्या दाराने सटकायचं. लेक्सिंग्टनला एक मित्र आहे, सोफा आहे. तसंही खोल्या सांभाळणं माझ्या स्वभावात नाही.

१.१५
दार उघडलं. माझ्या गाडीमागे निळी पिकअप आडवी लावलीय. काठी टेकत, हिरवं जॅकेट घालून (हिरवा म्हणजे आमच्या कट्टर वैऱ्यांचा रंग), छातीवर १४ नंबर मिरवत दिवंगत आजोबा आलेत.